टीव्ही घ्यायला निघण्याआधी मोजपट्टी काढा

दुकानात ओळीने लावलेल्या टीव्हींमध्ये जो सगळ्यात भडक, तोच आपल्याला सगळ्यात चांगला वाटतो. शोरूममधले दिवे घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी प्रखर असतात. त्या उजेडात उठून दिसावा म्हणून टीव्ही ‘स्टोअर मोड’वर ठेवलेला असतो: प्रकाश पूर्ण वाढवलेला, रंग गडद, पांढऱ्यावर निळसर झाक. त्यावर चालू असतो कंपनीनेच तयार केलेला फोर-के व्हिडिओ. घरी मात्र रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात केबलवरची मालिका लागणार असते. म्हणून मोठा टीव्ही निवडायचा तो घरी, मोजपट्टी हातात घेऊन. दुकानात जायचं ते केलेली निवड पारखायला.

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. पडद्याची रुंदी कर्णाच्या साधारण ०.८७ पट आणि उंची ०.४९ पट असते. म्हणजे ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६९ उंच, ६५ इंची १४४ बाय ८१, ७५ इंची १६६ बाय ९३. आता अंतर मोजा, पण ते भिंतीपासून भिंतीपर्यंत नव्हे. सोफा भिंतीला टेकवलेला असला तरी बसणाऱ्याचे डोळे भिंतीपासून ६० सेंटिमीटर तरी पुढे येतात. समोरच्या भिंतीवर स्टँड आणि टीव्ही मिळून आणखी १० सेंटिमीटर जातात. दहा फुटी हॉलमध्ये हातात उरतं सुमारे २३५ सेंटिमीटर. पडद्याने आपल्या नजरेतला साधारण ३० अंशांचा कोन व्यापला की चित्रपट पाहताना डोळ्यांना समाधान मिळतं. त्यासाठी सेंटिमीटरमधल्या अंतराला ४.१ ने भागा, इंच मिळतील. २३५ ला भागल्यावर ५७ येतात, म्हणजे ५५ इंची टीव्ही नेमका बसतो. बारा फुटी हॉलमध्ये हेच उत्तर ७२च्या आसपास येतं. तिथे ६५ आणि ७५ यांतला निर्णय घरात काय पाहिलं जातं त्यावर घ्यावा. चित्रपट आणि सामने जास्त असतील तर मोठा, साध्या वाहिन्या जास्त असतील तर लहान.

साध्या म्हणजे एसडी वाहिन्यांचा मुद्दा जरा नीट पाहू. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. भागाकार बरोबर २० येतो. वाहिनीकडून एक ठिपका येतो आणि त्याच्या जागी वीस ठिपके भरायचे असतात. उरलेले एकोणीस टीव्हीतला प्रोसेसर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. हा अंदाज कच्चा असला की चेहरे मेणाचे वाटतात आणि खालच्या पट्टीतली अक्षरं फुगतात. एचडी वाहिनीत हेच प्रमाण एकास चार असतं, त्यामुळे काम बरंच सोपं होतं. दुकानात गेल्यावर एक एसडी वाहिनी लावायला सांगा. दुकानदार जरा कुरकुरेल, पण महागडा आणि स्वस्त प्रोसेसर यांतला फरक दोन मिनिटांत समोर येतो.

उलट बाजूने एट-केचा, म्हणजे फोर-केच्या चौपट ठिपक्यांच्या पडद्याचा, मोह टाळा. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतक्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात, त्याहून जवळचे दिसत नाहीत. ६५ इंची फोर-के पडद्यावरचा ठिपका ०.३७ मिलिमीटरचा असतो आणि सव्वा मीटरच्या पलीकडून तो सुटा दिसतच नाही. अडीच मीटरवर बसून त्याचे आणखी चार तुकडे करण्याला पैसे मोजू नयेत.

ते पैसे पॅनेलवर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्यावर, घालावेत, कारण टीव्ही खरा ओळखावा तो काळ्या रंगावरून. एलसीडी टीव्हीत मागे दिव्यांचा प्रकाश असतो आणि पुढे द्रवस्फटिकांची लाखो सूक्ष्म दारं. काळा रंग दाखवायचा तर ती दारं बंद होतात, पण पूर्ण बंद कधीच होत नाहीत. फटीतून झिरपणाऱ्या प्रकाशामुळे काळा राखाडी होतो. एलसीडी पॅनेलचे आयपीएस आणि व्हीए असे दोन मुख्य प्रकार आहेत. आयपीएस पॅनेलमध्ये पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण साधारण एक हजारास एक असतं, व्हीए पॅनेलमध्ये तीन ते पाच हजारास एक. रात्री दिवा मालवून चित्रपट पाहणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. मग सगळ्यांनी व्हीएच घ्यावं का? तर नाही. व्हीए पॅनेल बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. आपल्या हॉलमध्ये दोघं सोफ्यावर, एक जण दिवाणावर, एक जण जेवणाच्या टेबलाशी असतो. २४० सेंटिमीटरवरून पाहताना मध्यापासून १४० सेंटिमीटर बाजूला सरकलं की कोन ३० अंशांचा होतो, आणि तिथे व्हीएचं चित्र उतरलेलं असतं. घरातली माणसं पसरून बसत असतील तर आयपीएस बरं. माहितीपत्रकात हा प्रकार बहुतेक वेळा छापलेला नसतो. त्यासाठी टीव्हीच्या बाजूला जाऊन तिरकं पाहा: रंग पांढुरके झाले तर व्हीए, रंग टिकले पण काळ्यावर धुरकट चकाकी आली तर आयपीएस.

ओएलईडीत मागे दिवे नसतात, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. विझला की खराखुरा काळा, आणि बाजूने पाहिलं तरी रंग शाबूत. नावातल्या एका अक्षराने बरीच गफलत होते. क्यूएलईडी हा एलसीडीच आहे. त्यात निळ्या प्रकाशासमोर काही नॅनोमीटर आकाराच्या स्फटिककणांचा थर असतो. लहान कण हिरवा प्रकाश देतात, मोठे लाल. या क्वांटम डॉट्सच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्यामुळे रंग शुद्ध होतात, पण मागच्या दिव्यांची गळती थांबत नाही. ती कमी करायची तर दिव्यांचे छोटे गट करून अंधाऱ्या भागातले गट मंद करावे लागतात. मिनी-एलईडी टीव्हीत असे शेकडो गट असतात. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स लावून पाहा: अक्षरांभोवती मोठं तेजोवलय दिसलं तर गट कमी आहेत.

ओएलईडीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. एकाच जागी तासन्‌तास उजळणारे ठिपके लवकर झिजतात आणि तिथे कायमची सावली उरते. घरात सकाळपासून बातम्यांची वाहिनी लागत असेल, तर तिचा लोगो आणि खालची लाल पट्टी रोज त्याच जागी असते. अशा घरात मिनी-एलईडी घ्या. टीव्हीसमोर मोठी खिडकी असेल तरीही तोच बरा, कारण दिवसा त्याचा प्रकाश जास्त पडतो. शक्य असेल तर खिडकीसमोरची भिंत टीव्हीला देऊच नका.

खोक्यावरच्या ‘एचडीआर’ या शब्दाला फार भुलू नये. एचडीआर म्हणजे चित्रातले अतिशय उजळ आणि अतिशय गडद भाग दोन्ही नीट दाखवण्याची पद्धत. २५० ते ३५० निट (पडद्याच्या तेजाचं एकक) प्रकाश देणारा टीव्हीसुद्धा एचडीआर संकेत स्वीकारतो, पण त्यातली तेजस्वी बाजू दाखवण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. परिणामी तोच चित्रपट उलट अंधारा दिसतो. ६०० निटांच्या पुढे एचडीआरला अर्थ येतो.

आता बिघाडाचं. एलसीडी टीव्हीत आवाज चालू पण पडदा काळा, ही नेहमीची तक्रार. अंधारात मोबाइलची टॉर्च पडद्याला टेकवून तिरपी धरा. आत अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनेल ठीक आहे, मागचे दिवे गेले आहेत. पट्टीवरचे एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक तुटला की सगळी माळ विझते. पट्टी बदलता येते, त्यासाठी नवा पॅनेल लागत नाही. दिव्यांवरची छोटी भिंगं उष्णतेने सुटून पडली की पडद्यावर गोल पांढरे ठिपके उमटतात. दोन्हींचं मूळ बहुधा उष्णतेत असतं. म्हणून पहिल्याच दिवशी ‘व्हिव्हिड’ सोडून ‘सिनेमा’ मोड निवडा आणि बॅकलाइट, म्हणजे मागच्या दिव्यांचा प्रकाश, शंभरवरून खोलीला पुरेल इतका खाली आणा. चित्र सुरुवातीला पिवळट वाटेल, पण दोन-तीन दिवसांत नजर सरावते आणि माणसांच्या कातडीचा रंग माणसांसारखा दिसू लागतो.

भिंतीवर टीव्ही फार वर लावण्याची खोड आपल्याकडे आहे. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून १०० ते ११० सेंटिमीटरवर असतात आणि पडद्याचा मध्य तिथेच हवा. ६५ इंची टीव्हीची खालची कड मग ६० ते ७० सेंटिमीटरवर येते. भिंत सिपोरेक्स ब्लॉकची असेल तर साधे प्लास्टिकचे गिट्टे हळूहळू सैल होतात. तिथे हलक्या ब्लॉकसाठीचे खास अँकर लागतात, हे फिटिंगवाल्याला आधीच सांगा. नवीन घराचं काम चालू असेल तर प्लास्टरच्या आत ४० मिलिमीटरचा पाइप टाकून घ्या. एचडीएमआयचं टोक दोन सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतं, त्यामुळे वायरिंगच्या बारीक पाइपात ते वळणावर अडकतं. कमी व्होल्टेजची काळजी नको: पाठीमागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट छापलं असेल तर स्टॅबिलायझर लागत नाही. खरा धोका अचानक उसळणाऱ्या व्होल्टेजचा. त्यासाठी चालू अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर हवा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लगबरोबर डिशची वायरही काढा, कारण झटका त्या वाटेनेही येतो.

टीव्ही घरी आणताना खोकं उभंच ठेवायला सांगा, आडवं ठेवल्यावर पडद्याला तडा जाऊ शकतो. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. मग यूट्यूबवरचं एकरंगी करडं चित्र पडदाभर लावून पाहा, किंवा क्रिकेटचा सामना लावा. हिरव्या मैदानावरून कॅमेरा सरकताना पडद्यावर मळकट पट्टे एकाच जागी थांबलेले दिसले, तर तो पॅनेलचा दोष. फोटो काढून त्याच दिवशी तक्रार नोंदवा, आणि तिचा निकाल लागेपर्यंत खोकं व थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा.