धर्मशिक्षण, ख्रिस्ती : श्रोत्यानुरूप पद्धती (ठाणे व नवी मुंबई)

ऐकणाऱ्याचे वय, भाषा, शिक्षण, धंदा आणि तो श्रद्धेपर्यंत कोणत्या वाटेने आला हे पाहून एकच ख्रिस्ती शिकवण वेगवेगळ्या रीतीने देण्याची पद्धत. शिकवणीचा गाभा ठरलेला असतो : विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली), संस्कार, दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना. सांगण्याची तऱ्हा, क्रम आणि वेग मात्र बदलतो. ठाणे व नवी मुंबईत हा प्रश्न दर रविवारी समोर येतो. गावठाणातली ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे भागातल्या मूळच्या कॅथलिक समाजातली) आजी, सिडकोच्या वसाहतीत वाढलेला मंगळुरी मुलगा आणि लग्नानंतर स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेऊ इच्छिणारी तरुणी एकाच चर्चमध्ये येतात, आणि तिघांना एकच पाठ एकाच सुरात सांगून भागत नाही.

ही जाण ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. करिंथच्या मंडळीला संत पौल लिहितो की, मी तुम्हांला दूध पाजले, जड अन्न दिले नाही, कारण ते पचवण्याची ताकद तुमच्यात नव्हती. या विषयावरचे सर्वांत जिवंत लेखन संत ऑगस्टीन यांचे आहे. कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनची (धर्मगुरूच्या खालच्या पदावरील सेवकाची) तक्रार होती की, नवख्यांना शिकवताना माझे बोलणे लांबते आणि माझे मलाच कंटाळवाणे होते. इ. स. ४०० च्या सुमारास ऑगस्टीन यांनी त्याला उत्तर म्हणून एक छोटी पुस्तिकाच लिहून पाठवली. समोर बसलेला खूप वाचून आला असेल तर त्याला माहीत असलेले पुन्हा घोकवू नका. तो कोणत्या हेतूने आला ते आधी विचारा. हेतू खोटा निघाला तरी बोलणे तेथूनच सुरू करा. उभ्याने ऐकणारा जांभया देऊ लागला तर त्याला बसायला द्या, खरे तर सुरुवातीलाच बसवा. शेवटी त्यांनी एक मोठे आणि एक लहान अशी दोन नमुना-प्रवचने जोडली आहेत. कथा तीच, विस्तार वेगळा. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी श्रोत्यांच्या जोड्याच मांडल्या : गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि उदास, उतावीळ आणि धीराचे. एकाला लागू पडणारे औषध दुसऱ्याला अपाय करते, हे त्यांचे सांगणे आजच्या प्रत्येक धर्मशिक्षकाने वाचावे असे आहे.

मराठीत या पद्धतीचे मोठे उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६). हे काम गोव्यातले, साष्टीचे. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकायला दुसरे काहीतरी हवे होते. स्टीफन्स यांनी बायबलची कथा सुमारे ११ हजार ओव्यांत घातली, म्हणजे लोकांच्या कानाला जी चाल सवयीची होती तीच धरली. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, भजन आणि कीर्तन वापरले. नगर भागातून शहराकडे आलेली प्रॉटेस्टंट कुटुंबे ही गाणी ‘उपासना संगीत’मधून आजही गातात. पंडिता रमाबाईंनी केडगावला केलेले बायबलचे भाषांतर मुद्दाम सोप्या मराठीत आहे. कमी शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचता यावे, हा त्यामागचा हेतू होता.

ठाण्यात ख्रिस्ती लोकांची विविधता नवी नाही. १३२१ मध्ये येथे मारले गेलेले चार फ्रान्सिस्कन साधू एका नेस्टोरियन (पूर्वेकडील जुन्या ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबाकडे उतरले होते, म्हणजे तेव्हाही शहरात दोन परंपरा भेटत होत्या. पोर्तुगीज काळापासूनचे ईस्ट इंडियन, उत्तनकडचे ख्रिस्ती कोळी, गोवेकर, मंगळुरी आणि तमिळ लोक यांत पुढे मिसळले. सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) नवी मुंबईत केरळी कुटुंबांची मोठी वस्ती झाली. सीरो-मलबार ख्रिस्तसभेचे (केरळातल्या पूर्व परंपरेच्या कॅथलिक सभेचे) कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाले. या कुटुंबांची मुले आपल्या कुर्बान्याच्या (मिस्सेच्या) परंपरेत वेगळे धर्मशिक्षण घेतात.

रविवारचे वर्ग बहुधा शाळेसारखे इयत्तेप्रमाणे भरतात. पहिल्या कम्युनियनची (पवित्र भाकर प्रथम घेण्याची) तयारी साधारण आठ-नऊ वर्षांची मुले करतात आणि दृढीकरणाची (स्नानसंस्कार पक्का करणाऱ्या संस्काराची) तयारी किशोरवयात होते. लहान मुलांना संस्कारापासून फार काळ दूर ठेवू नये, हा पोप दहावे पायस यांचा १९१० चा आदेश याच्या मुळाशी आहे. ही विभागणी सोयीची आहे, पण या भागात ती पुरत नाही. शाळेत इंग्रजी, घरी आईशी हिंदी किंवा कोंकणी आणि आजीसोबत मराठी अशा तीन भाषांत जगणाऱ्या मुलाची इयत्ता कळली म्हणून त्याची श्रद्धा कोणत्या भाषेत रुजते आहे हे कळत नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकातली उत्तरे बिनचूक देणारी मुलगी घरच्या संध्याकाळच्या जपमाळेत गप्प बसते, कारण तिथले शब्द तिला कधी कोणी शिकवलेलेच नसतात. पाठ कोणत्याही भाषेत द्यावा, पण मुलाला रोजच्या दोन-तीन प्रार्थना तरी घरात ज्या भाषेत म्हणतात त्याच भाषेत शिकवाव्यात. तसे केल्याने वर्ग आणि घर जोडले जातात आणि आजी आपोआप दुसरी शिक्षिका होते.

ऋतू आणि धंदा यांचाही विचार करावा लागतो. आगेरा हा ईस्ट इंडियनांचा सुगीचा सण ऑक्टोबरच्या आरंभी येतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो. निर्मितीचा पाठ त्या लोंब्या हातात देऊन शिकवला तर फळ्यावरच्या चित्रापेक्षा खोल उतरतो, विशेषतः ज्या मुलांनी शेत पाहिलेलेच नाही त्यांच्यात. कोळीवाड्यातले पुरुष मासेमारीच्या हंगामात रविवारच्या वर्गाला येतील अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी त्यांच्यासाठी योग्य काळ. जाळी विणत बसलेल्या माणसांना गालील सरोवरातल्या कोळ्यांची गोष्ट सांगायला प्रस्तावना लागत नाही. वाचता न येणाऱ्या वृद्धांसाठी क्रूसाच्या वाटेची (येशूच्या दुःखसहनाची) चौदा चित्रे हाच पूर्ण अभ्यासक्रम होऊ शकतो.

प्रौढांची वाट निराळी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक बिशपांच्या जागतिक परिषदेनंतर) १९७२ मध्ये प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधी प्रसिद्ध झाला आणि पहिल्या शतकांतली टप्प्याटप्प्याची दीक्षा परत आली : आधी चौकशी, मग दीर्घ शिक्षण, उपवासकाळातली शुद्धी, ईस्टरच्या जागरणात स्नानसंस्कार आणि त्यानंतर घेतलेल्या संस्कारांचा अर्थ उलगडून सांगणे. या शेवटच्या टप्प्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ईस्टर झाला की वर्ग संपला असे धरले जाते. नव्याने आलेल्या माणसाचे खरे प्रश्न मात्र त्यानंतर उठतात : घरच्या गणपतीला जायचे का, आईच्या वर्षश्राद्धाला काय करायचे, बहिणीच्या लग्नात कुठे बसायचे. ही उत्तरे पाठ्यपुस्तकात नसतात. ती देणारा माणूस शेजारच्या सोसायटीतला, त्याच अनुभवातून गेलेला असावा लागतो. वस्तीवस्तीतले छोटे ख्रिस्ती समूह येथे सर्वाधिक उपयोगी पडतात, कारण ते घरात भरतात आणि चहा पिता पिता बोलता येते.

अपंग आणि मतिमंद व्यक्तींबाबत २०२० च्या रोमच्या धर्मशिक्षण-निर्देशिकेची भूमिका स्पष्ट आहे : त्यांना संस्कार नाकारू नयेत आणि त्यांना स्वतःलाही शिक्षक होण्याची संधी द्यावी. स्पर्श, गाणे, मेणबत्ती, पाणी यांतून शिकवणे येथे केंद्रस्थानी येते.

हे सारे काम बहुतांशी सामान्य प्रापंचिक लोक, त्यांतही स्त्रिया, विनामोबदला करतात. आठवडाभर नोकरी आणि लोकलचा प्रवास करून रविवारी सकाळी वर्ग घेणाऱ्या या बायकांना पाठ्यपुस्तकासोबत एक मोकळा तासही मिळायला हवा. त्या तासात त्यांनी वर्गातल्या एकेका मुलाच्या घरी जावे, तिथली प्रार्थना ऐकावी आणि पुढच्या रविवारचा पाठ तिथून सुरू करावा.