लॉरा पामर ते नोरा डर्स्ट : रहस्यापेक्षा माणसं मोठी कशी झाली

२३ मे २०१० रोजी एबीसी या अमेरिकी वाहिनीवर ‘लॉस्ट’ या मालिकेचा शेवटचा भाग लागला आणि सहा पर्वं एकत्र जागलेला प्रेक्षक दोन गटांत फुटला. एक गट डोळे पुसत होता. दुसरा संतापून विचारत होता, ‘मालिकेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ४, ८, १५, १६, २३, ४२ या गूढ आकड्यांचं पुढे काय झालं?’

रहस्याचं उत्तर मोठं की माणसं, हा वाद त्याआधी वीस वर्षं सुरू झाला होता. अमेरिकी टीव्हीने प्रेक्षकाला उत्तराची सवय फार पूर्वीच लावली होती. १९८० मध्ये ‘डॅलस’मधल्या जे. आर.वर गोळी कोणी झाडली, हे कळेपर्यंत लोक महिनोन्‌महिने थांबले आणि उत्तर मिळालंही. मग एप्रिल १९९० मध्ये ‘ट्विन पीक्स’ आली. लॉरा पामर ही शाळकरी मुलगी मरते, खुनी कोण, एवढाच प्रश्न. पण पहिला भाग आज पुन्हा पाहावा. तपास बाजूलाच राहतो, कॅमेरा रडणाऱ्या माणसांवर थांबतो. वर्गातलं रिकामं बाक, आवारातून किंचाळत धावत गेलेली मुलगी, ध्वनिक्षेपकावर बातमी सांगताना कोसळलेले मुख्याध्यापक. एका मृत्यूने अख्खं गाव कसं हादरतं, ते टीव्हीने क्वचितच इतक्या सावकाश दाखवलं असेल.

मालिकेचा सहनिर्माता डेव्हिड लिंचला खुनी उघड करायचाच नव्हता. वाहिनीने रेटा लावला, नोव्हेंबर १९९० मध्ये नाव फुटलं, आणि पुढच्या वर्षी मालिका बंद पडली. यातून धंद्याने धडा घेतला तो असा, की गुपित ताणून धरा. माझ्या मते तो चुकीचा होता. लॉराचं दुःख मागे पडलं, म्हणून मालिका पोकळ झाली.

‘लॉस्ट’ २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिने गूढ आणि माणसं, असे दोन्ही दोर हातात धरले. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान बेटावर पडतं. जवळजवळ प्रत्येक भागात एकेका प्रवाशाचं मागचं आयुष्य उलगडतं आणि सोबत बेटाचं नवं कोडंही पडतं. कोडी एवढी वाढली की २००७ मध्ये निर्मात्यांनी वाहिनीकडून शेवटाची तारीखच ठरवून घेतली. चिडलेल्यांची तक्रार म्हणूनच मला निराधार वाटत नाही. खुणा शोधायची चटक मालिकेनेच लावली होती.

पण तिचं खरं बळ कशात होतं, ते फेब्रुवारी २००८ च्या ‘द कॉन्स्टंट’ या भागात दिसतं. डेस्मंड या पात्राचं मन १९९६ आणि २००४ मध्ये हेलकावत असतं. जीव वाचवायचा तर दोन्ही काळांत ओळखीचं कुणीतरी हवं. तो १९९६ मधल्या पेनीकडे, आपल्या दुरावलेल्या प्रेयसीकडे जातो. ती त्याच्यावर रागावलेली. तो तिच्याकडे फोन नंबर मागतो आणि विनवतो, आठ वर्षं हा बदलू नकोस, २४ डिसेंबर २००४ ला मी फोन करेन. इकडे २००४ मध्ये, जहाजावर सोबत असलेला विमानातला प्रवासी सईद फोनची मोडकी यंत्रणा कशीबशी जोडतो. रिंग वाजते आणि पेनी फोन उचलते. काळाच्या या उड्यांमागचं शास्त्र त्या क्षणी कुणाला आठवतं?

‘लॉस्ट’च्या शेवटावरून सर्वाधिक बोलणी खाल्ली ती तिच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेमन लिंडेलॉफने. ‘द लेफ्टओव्हर्स’ (२०१४ ते २०१७) ही टॉम पेरोटाच्या कादंबरीवरची मालिका पेरोटासोबत करताना त्याने पवित्राच बदलला. एका क्षणी जगातली २ टक्के माणसं नाहीशी होतात; का, याचा उलगडा करणार नाही हे आधीच सांगून टाकलं. दुसऱ्या पर्वाचं शीर्षकगीतही गूढ तसंच राहू द्या असं सांगणारं. मग उरली ती मागे राहिलेली माणसं. नोरा डर्स्टचा नवरा आणि दोन मुलं एकाच वेळी गेलेली. अखेरच्या भागात ती आपल्या प्रियकराला, केव्हिनला सांगते की नाहीशी झालेली माणसं जिथे आहेत तिथे पलीकडे जाऊन आपण मुलांना पाहून आलो. पडद्यावर त्यातलं काहीच दिसत नाही, दिसतो फक्त नोरा साकारणाऱ्या कॅरी कूनचा बोलता चेहरा. केव्हिन तिच्यावर विश्वास ठेवतो.

नोरा खरं बोलली का, यावर चाहते आजही भांडतात. पण २०१० मधली फसवणुकीची भावना या भांडणात नाही, कारण इथे उत्तराचं वचन कुणी दिलंच नव्हतं. मालिकेचा प्रेक्षकवर्ग मात्र लहानच राहिला आणि तीन पर्वांत, २८ भागांत एचबीओने ती संपवली.