बॉबकॅटसाठीचा पिंजरा-सापळा

उत्तर अमेरिकेतील बॉबकॅट या रानमांजराला जिवंत पकडण्याचा जाळीचा पिंजरा. दक्षिण कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत आढळणारे हे मांजर (लिंक्स रुफस) घरच्या मांजराच्या साधारण दुप्पट असते. पूर्ण वाढलेला नर बहुधा १० किलोच्या आसपास भरतो. फरसाठी सापळे लावणारे, कोंबड्या राखणारे शेतकरी आणि वन्यजीव संशोधक हे तिघेही हाच पिंजरा वापरतात. फरक पडतो तो दार पडल्यानंतर.

कार्यतत्त्व साधे आहे. जनावर आत शिरून तळाच्या पट्टीवर पाय देते, खटका सुटतो, दार पडते आणि आपोआप अडकते. खरा प्रश्न मापाचा असतो. रॅकूनसाठी (मांजराएवढ्या, पट्टेदार शेपटीच्या प्राण्यासाठी) बाजारात मिळणारा सुमारे ८० सेंमी लांबीचा पिंजरा इथे तोकडा पडतो : मांजराचा पुढचा पंजा पट्टीवर पडतो तेव्हा त्याचा मागचा भाग अजून दारातच असतो. दार पाठीवर आपटते, मांजर मागच्या मागे निसटते आणि पुन्हा त्या पिंजऱ्याकडे फिरकेलच असे नाही. म्हणून १०० ते १२० सेंमी लांब, ४० सेंमीच्या आसपास रुंद आणि ५० सेंमी उंच पिंजरा घेतात. (शेपटी दारात सापडण्याची चिंता मात्र नाही; ती मुळातच आखूड असते.) दोन दारांच्या पिंजऱ्यातून आरपार दिसते, त्यामुळे मांजर कमी बिचकते; पण पट्टी मध्यभागी येत असल्याने असा पिंजरा आणखी लांब लागतो. जाळी बारीक घरांची हवी. मोठ्या घरांची जाळी चावून जनावर दात मोडून घेते आणि बाहेरून पंजा घालून आमिष ओढणेही सोपे जाते.

कोल्हा आणि कायोटी (उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानकुत्रा) पकडण्यात हात बसलेले लोक वासावर भर देतात आणि इथे फसतात. बॉबकॅट शिकार करते ती मुख्यतः डोळ्यांनी आणि कानांनी. पिंजऱ्यावर दोऱ्याने टांगलेले पीस किंवा चमकदार पत्र्याचा तुकडा वाऱ्यावर हलला की ते थबकते, जवळ येते. मूत्र किंवा बीव्हरच्या (पाण्यात राहणाऱ्या मोठ्या कृंतक प्राण्याच्या) ग्रंथींचा अर्क त्याला पुढची काही पावले चालवतो. पट्टीच्या पलीकडे ताजे मांस असते. काही संशोधक त्याऐवजी जिवंत कोंबडी वेगळ्या बंद कप्प्यात ठेवतात. जुन्नर भागात बिबट्यासाठी लावलेल्या पिंजऱ्यात शेळी ठेवतात, तोच प्रकार.

पिंजरा लावण्याची जागा म्हणजे मांजराची रोजची वाट : कोरडा ओढा, खडकाची कड, झुडपांची किनार. उघड्या तारेवर पाय ठेवायला ते नाखूश असते, म्हणून तळावर माती पसरतात, पट्टी तेवढी मोकळी हलती ठेवतात. बाजू आणि छत फांद्यांनी झाकले की पिंजरा गुहेसारखा दिसतो. शिवाय सापडलेल्या जनावराला ऊन-पावसापासून आडोसा मिळतो. पिंजरा डगमगता कामा नये.

पिंजऱ्याची दररोज पाहणी करणे अमेरिकेच्या अनेक राज्यांत कायद्याने बंधनकारक आहे. स्कंक (दुर्गंधी फवारणारा लहान प्राणी), करडा कोल्हा किंवा कुणाचे पाळीव मांजर सापडले तर ते धडधाकट सोडून देता येते. पाय पकडणाऱ्या सापळ्यांपेक्षा पिंजऱ्याची हीच मोठी जमेची बाजू. संशोधक सरकत्या फळीने मांजराला एका टोकाला दाबून भुलीचे इंजेक्शन देतात, रक्ताचे नमुने घेतात, गळ्यात रेडिओ कॉलर बसवतात. लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका डोंगरांत १९९६ पासून चाललेल्या अभ्यासात उंदीर मारण्याच्या विषाचा आणि बॉबकॅटना जडणाऱ्या जीवघेण्या खरजेचा संबंध असाच पुढे आला.

पिंजरा जनावराला जखमी करत नाही, एवढ्याने वाद मिटला नाही. कॅलिफोर्नियात १९९८ च्या सार्वमताने फरसाठी पाय-सापळे बंद झाले आणि व्यापार पिंजऱ्यांवर आला. फिकट, ठिपकेदार पोटाच्या कातड्याला शेकडो डॉलर मिळत. २०१३ मध्ये जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेलगत एका खासगी जमिनीवर मालकाच्या नकळत लावलेला पिंजरा सापडला आणि लोक खवळले. त्याच वर्षी उद्यानाभोवती सापळे लावण्यावर बंदी आली आणि २०१५ मध्ये राज्याच्या मत्स्य व शिकार आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी ती राज्यभर लागू केली. इतर अनेक राज्यांत परवाना काढून ठराविक हंगामात सापळे लावता येतात. बॉबकॅट साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने निर्यातीच्या प्रत्येक कातड्याला अधिकृत खूणपट्टी लागते.