विश्वाचा आकार आणि एकूण ऊर्जा

विश्वशास्त्रात ‘आकार’ म्हणजे अवकाशाची वक्रता. ती आत बसूनच मोजावी लागते, कारण बाहेर उभे राहायला जागा नाही. सपाट अवकाशात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° भरते, चेंडूच्या पाठीसारख्या बंदिस्त अवकाशात जास्त, तर खोगिरासारख्या अवकाशात कमी. (माळेगावच्या यात्रेतला घोडेबाजार पाहिलेल्याला खोगिराचा आकार वेगळा सांगायला नको.)

आतून वक्रता कशी कळते, याचा दाखला मराठवाड्यातच आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी (अवकाशाचेच ताणणे-आकसणे) टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होत आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या काटकोनातल्या दोन भुजा प्रत्येकी ४ किमीच्या. लेसरचा किरण सरळ जातो, पण तेवढ्या अंतरात पृथ्वीची पाठ त्याच्याखालून सव्वा मीटर उतरते. शिवार डोळ्याला सपाटच दिसते. पाया घालणाऱ्याला मात्र तो सव्वा मीटर धरूनच चालावे लागते.

विश्वाच्या बाबतीत ही मोजपट्टी म्हणजे सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणातले, म्हणजे विश्वाच्या बालपणी सुटून आजही चहूकडून येणाऱ्या प्रारणातले, ठिपके. त्यांचा खरा आकार भौतिकीवरून काढता येतो, आणि आकाशात ते सुमारे १° रुंद दिसतात; सपाट अवकाशात तेवढेच दिसायला हवेत. २००० साली ‘बूमरँग’ या बलून-प्रयोगाने हे दाखवले. पुढे ‘प्लँक’ उपग्रहाची आणि दीर्घिकांची निरीक्षणे एकत्र केल्यावर वक्रता शून्याच्या हजारात दोन इतकी जवळ आली. म्हणजे विश्वाची घनता क्रांतिक घनतेइतकी, अवकाश सपाट राहायला नेमकी लागते तेवढी, आहे: घनमीटरला जेमतेम पाच हायड्रोजन अणूंएवढी.

ऊर्जेचा प्रश्न इथूनच निघतो. जोंधळा राखणाऱ्याचा गोफणगुंडा खाली येतो, कारण त्याची गतिज ऊर्जा गुरुत्वाच्या ऋण ऊर्जेला पुरी पडत नाही. हवेचा अडथळा सोडला, तर सेकंदाला ११.२ किमी वेगाने सुटलेल्या गुंड्याची बेरीज बरोबर शून्य होते. न्यूटनच्या हिशेबात सपाट विश्व याच गुंड्यासारखे. १९७३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रायन यांनी निव्वळ ऊर्जा शून्य धरून विश्व निर्वातातल्या (रिकाम्या अवकाशातल्या) पुंजकीय चढउतारातून उपजले असावे, असे सुचवले. ‘शून्यातून विश्व’ सिद्ध झाल्यासारखे काही जण लिहितात, ती घाई आहे. सामान्य सापेक्षतेत, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वसिद्धांतात, प्रसरणशील विश्वाच्या एकूण ऊर्जेची सर्वमान्य व्याख्याच नाही. पार्श्वप्रारणाची तरंगलांबी सुटल्यापासून सुमारे १,१०० पट ताणली गेली आणि प्रत्येक फोटॉनची ऊर्जा तितक्याच पटीने घटली. ती दुसऱ्या कुठल्या खात्यात जमा झालेली दाखवता येत नाही.