एब्सफ्लीट ते ऑस्वेस्ट्री: परंपरावादी अँग्लिकन पॅरिशांच्या जाळ्याची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या पश्चिमेला, कॉर्नवॉलमधल्या ट्रूरोपासून वर डर्बीपर्यंत, चर्च ऑफ इंग्लंडचे, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे, तेरा धर्मप्रांत आहेत. त्यांत विखुरलेल्या काही पॅरिश (एकेका चर्चच्या स्थानिक मंडळी) स्त्रियांना धर्मगुरू किंवा बिशप करणं मान्य करत नाहीत. त्या आपापल्या धर्मप्रांताच्या बिशपांच्या कायदेशीर अधिकाराखाली आहेतच. पण दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यांची श्रद्धा पक्की करणारा, बिशपांच्या हातचा संस्कार), भेटीगाठी आणि धर्मगुरूंची काळजी यांसाठी त्या आणखी एका बिशपांकडे पाहतात. जवळपास तीन दशकं हे बिशप ‘एब्सफ्लीटचे बिशप’ म्हणून ओळखले गेले, २०२३पासून ते ‘ऑस्वेस्ट्रीचे बिशप’ आहेत. चर्च न सोडता, चर्चमध्येच राहून आपली श्रद्धा कशी जपायची, या प्रश्नातून ही व्यवस्था घडली. तिचा इतिहास मोठ्या भाषणांपेक्षा ठराव, नोटिसा आणि नेमणुकांमध्येच जास्त सापडतो.

मूळ शोधायचं तर १८३३पर्यंत मागं जावं लागतं. त्या वर्षी १४ जुलैला जॉन कीबल यांनी ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या प्रवचनापासून ऑक्सफर्ड चळवळीची सुरुवात मानतात. चर्च ऑफ इंग्लंड हे सरकारी खातं नव्हे, प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या बिशपांच्या परंपरेतलं चर्च आहे, हा तिचा गाभा. पुढं यातूनच अँग्लो-कॅथलिक प्रवाह वाढला. वेदी, मेणबत्त्या, धूप, पापनिवेदन, मठवासी संघ यांना पुन्हा जागा मिळाली. विरोधही तितकाच कडवा होता. १८७४च्या सार्वजनिक उपासना नियमन कायद्याखाली काही धर्मगुरूंना तुरुंगात जावं लागलं.

हा प्रवाह महाराष्ट्राला परका नाही. पुण्याचं पंचहौद मिशन याच परंपरेतल्या दोन मठवासी संघांनी, कौली फादर्सनी आणि वाँटेजच्या सिस्टर्सनी, चालवलं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजलाच, याच सिस्टर्सकडे झाला. नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांचाही कौली फादर्सशी दीर्घ सहवास होता. तरीही इथं असं वेगळं जाळं उभं राहिलं नाही. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातली अँग्लिकन मंडळी इतर प्रोटेस्टंट प्रवाहांसह एका चर्चमध्ये सामील झाली. उपासनेची जुनी वळणं टिकली, संघटना मात्र एकच राहिली. इंग्लंडचा प्रश्न वेगळ्या दिशेनं आला.

११ नोव्हेंबर १९९२ला जनरल सिनॉडनं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या निर्णय घेणाऱ्या सभेनं, स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा निर्णय घेतला. बिशप, धर्मगुरू आणि सामान्य सभासद या तिन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक होतं. सामान्य सभासदांच्या सभागृहात मतं पडली १६९ विरुद्ध ८२; दोनच सभासद उलट बाजूला गेले असते तर ठराव पडला असता. विरोधकांचं म्हणणं असं होतं, की धर्मगुरुपद हे चर्च ऑफ इंग्लंडचं एकट्याचं नाही, रोम आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चेसशी मिळून जपलेला तो ठेवा आहे. मग एका देशाच्या सिनॉडनं तो कसा बदलायचा? हे स्त्रियांच्या योग्यतेबद्दलचं मत नव्हे, संस्कार खरोखर घडला याची खात्री मिळण्याचा प्रश्न आहे, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच उमगत नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये ‘फॉरवर्ड इन फेथ’ ही विरोधकांची संघटना उभी राहिली.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. १९९३च्या कायद्यानं पॅरिश चर्च कौन्सिलला, म्हणजे पीसीसीला, दोन ठराव करायची मुभा दिली. ठराव ‘ए’: स्त्री धर्मगुरूंनी इथं प्रभुभोजनाचा विधी चालवू नये किंवा पापक्षमा घोषित करू नये. ठराव ‘बी’: स्त्री धर्मगुरूंची इथं प्रमुख म्हणून नेमणूक होऊ नये. शिवाय सिनॉडच्या स्वतंत्र अधिनियमानं तिसरी वाट उघडली: पॅरिशनं आपल्या बिशपांकडे अर्ज करून वेगळ्या बिशपांची सेवा मागायची. लोक त्यालाच ठराव ‘सी’ म्हणू लागले आणि तिन्ही केलेल्या पॅरिश ‘एबीसी पॅरिश’ ठरल्या. या सेवेसाठी तीन फिरते बिशप नेमले गेले. यॉर्क प्रांतासाठी बेव्हर्ली, कँटरबरी प्रांताच्या पूर्वेसाठी रिचबरो आणि पश्चिमेसाठी एब्सफ्लीट. लंडनच्या परिसरात फुलमचे बिशप हेच काम करू लागले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘उडते बिशप’ म्हटलं. एब्सफ्लीट आणि रिचबरो ही केंटमधली ठिकाणं, इ.स. ५९७मध्ये संत ऑगस्टीन याच भागात उतरले होते.

फिरत्या बिशपांच्या हातात नेमकं काय होतं आणि काय नव्हतं, इथं बाहेरच्यांची हमखास गल्लत होते. त्यांना स्वतःचा धर्मप्रांत नव्हता, न्यायालय नव्हतं, पगाराची तिजोरी नव्हती. धर्मगुरूला परवाना धर्मप्रांताचे बिशपच देत. पॅरिशचा वार्षिक वाटाही त्यांच्याच तिजोरीत जाई. उडते बिशप निमंत्रणावरून येत, दृढीकरण देत, नेमणुकीच्या वेळी सल्ला देत, धर्मगुरूंना वेळ देत. पवित्र सप्ताहात ते आपल्या भागातल्या धर्मगुरूंसाठी वेगळी क्रिझम मिस्सा (पवित्र तेलांना आशीर्वाद देण्याची उपासना) घेत. तिथं धर्मगुरू आपली व्रतं नव्यानं घेत आणि वर्षभराची तिन्ही पवित्र तेलं आपापल्या पॅरिशमध्ये नेत. कागदावर किरकोळ वाटणारी ही भेट जाळ्याच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची होती. दीडशे मैलांवरच्या दोन एकाकी ‘विकारां’ना (विकार म्हणजे पॅरिशचे प्रमुख धर्मगुरू) आपण एकाच मंडळीचे आहोत, हे वर्षातून एकदा प्रत्यक्ष दिसे. वॉल्सिंगहॅम या मारियेच्या इंग्लिश तीर्थस्थानाची यात्रा सामान्य सभासदांसाठी हेच काम करी.

दुसरीकडे गळतीही चालू होती. १९९३च्याच एका वेगळ्या कायद्यानं विवेकाच्या कारणावरून पद सोडणाऱ्या धर्मगुरूंना आर्थिक मदत ठरवली होती आणि चारशेहून अधिक जण बाहेर पडले. एब्सफ्लीटचा प्रवासही खाचखळग्यांचा होता. पहिले बिशप जॉन रिचर्ड्स १९९४मध्ये आले. त्यांच्यानंतरचे मायकल हॉटन १९९९मध्ये, पदावर येऊन फार काळ झाला नव्हता तोच वारले. मग अँड्र्यू बर्नम यांनी दशकभर हा भाग सांभाळला. ४ नोव्हेंबर २००९ला पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी अँग्लिकनांना गटानं कॅथलिक चर्चमध्ये येण्याची सोय करून दिली आणि १५ जानेवारी २०११ला बर्नम, रिचबरोचे कीथ न्यूटन आणि फुलमचे जॉन ब्रॉडहर्स्ट हे तिघं वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये कॅथलिक धर्मगुरू झाले. एका फटक्यात चारपैकी तीन पदं रिकामी.

ज्या पॅरिशचं नातं फक्त त्या एका बिशपांशी होतं, तिथं गोंधळ माजला. कुठं विकार गेले आणि निम्मी मंडळी मागं राहिली, कुठं मंडळी गेली आणि इमारत राहिली. इमारत धर्मप्रांताच्या व्यवस्थेतली, ती सोबत नेता येत नाही. जिथं ठराव नीट नोंदवलेला होता, शेजारच्या दोन-तीन पॅरिशशी घसट होती आणि सभासदांची यादी अद्ययावत होती, तिथं नवे बिशप येईपर्यंत काम चालू राहिलं. हेच साधण्यासाठी ‘सोसायटी’ होती; ती २०१०मध्येच आकाराला आली होती. तिचं पूर्ण नाव संत विल्फ्रिड आणि संत हिल्डा यांच्या आश्रयाखालची सोसायटी. तिचं नेतृत्व बिशपांच्या मंडळाकडे असतं, प्रत्येक धर्मप्रांतात तिचा एक प्रतिनिधी असतो. धर्मगुरू लेखी घोषणेवर सही करतो आणि त्याला बिशपांचं स्वागतपत्र मिळतं. कचेरीचं काम आणि सामान्य सभासदांची वर्गणी फॉरवर्ड इन फेथ सांभाळते. थोडक्यात, नातं व्यक्तीऐवजी संस्थेशी जोडलं गेलं.

मग स्त्री-बिशपांचा प्रश्न आला. २० नोव्हेंबर २०१२ला तो ठराव सामान्य सभासदांच्या सभागृहात सहा मतांनी पडला; १४ जुलै २०१४ला, कीबल यांच्या प्रवचनाच्याच तारखेला, संमत झाला. जुने ‘ए’, ‘बी’, ‘सी’ सगळे गेले. त्यांच्या जागी बिशपांच्या सभागृहाचं घोषणापत्र आणि पाच मार्गदर्शक तत्त्वं आली. चर्चनं स्पष्ट निर्णय घेतला आहे आणि सगळी पदं स्त्री-पुरुषांना सारखीच खुली आहेत, हे परंपरावाद्यांनी मान्य करायचं. त्यांची श्रद्धाही अँग्लिकन परंपरेतच बसते आणि त्यांच्यासाठीची सोय मुदतीनं बांधलेली नाही, हे चर्चनं मान्य करायचं. जुन्या ठरावांना संक्रमणकाळ म्हणून दोन वर्षं मिळाली. तेवढ्यात नवा ठराव केला नाही तर सोय संपली. त्या दोन वर्षांत प्रादेशिक प्रतिनिधींनी केलेलं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे प्रत्येक पीसीसी सचिवाला या तारखेची आठवण देणं.

नव्या ठरावाची रीत काटेकोर आहे आणि बहुतेक चुका इथंच होतात. पीसीसी सचिवानं सभेची वेळ, जागा आणि ठरावाचा मजकूर किमान चार आठवडे आधी सभासदांना कळवायचा. पद रिकामं झाल्यावर पॅरिशच्या गरजा ठरवायला कायद्यानुसार भरणाऱ्या सभेतही ठराव घेता येतो. मग बहुमत दोनांपैकी एका पद्धतीनं मिळवायचं: एक तर किमान दोन-तृतीयांश सभासद हजर असताना, हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत, नाही तर पीसीसीच्या एकूण सभासदांचं बहुमत. पंधरा जणांची पीसीसी असेल आणि दहा हजर राहून सगळ्यांनी मत दिलं, तर सहा मतं पुरतात. नऊच हजर असतील तर मात्र आठ मतं लागतात. अनुपस्थितीची पत्रं आणि हजेरी इतिवृत्तात नावानिशी नोंदवलेली नसेल, तर नंतर हा हिशेब सिद्ध करता येत नाही.

मजकूर सुचवलेला आहे तसाच ठेवावा: धार्मिक श्रद्धेच्या कारणावरून आमच्यासाठी घोषणापत्रानुसार व्यवस्था करावी, एवढाच. त्यात पदरची वाक्यं घातली किंवा इतिवृत्तात एखाद्या व्यक्तीबद्दलची नाराजी उमटली, तर श्रद्धेचं कारण दुबळं ठरतं. ठरावाची प्रत चौघांना जाते: धर्मप्रांताचे बिशप, आर्चडीकन (बिशपांच्या हाताखालचे प्रशासक धर्मगुरू), धर्मप्रांताचे निबंधक आणि नोंदणीकृत आश्रयदाता (विकारपदासाठी उमेदवार सुचवण्याचा हक्क असलेली व्यक्ती किंवा संस्था). त्यानंतर बिशपांशी चर्चा होते आणि श्रद्धा नेमकी कोणत्या स्वरूपाची आहे ते तिथं सांगावं लागतं. अँग्लो-कॅथलिक पॅरिशला लागणारे बिशप आणि इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर भर देणाऱ्या प्रवाहातल्या, पॅरिशला लागणारे बिशप वेगळे असतात. व्यवस्था नीट होत नसेल तर पीसीसीला स्वतंत्र परीक्षकाकडे तक्रार नेता येते.

ठराव झाला म्हणजे काम संपलं, असं मानणाऱ्या पॅरिश सगळ्यात आधी घसरतात. पीसीसी तो कधीही, याच रीतीनं, मागं घेऊ शकते. निवडून आलेल्या सभासदांपैकी एक-तृतीयांश दर वर्षी बदलतात, म्हणजे तीन वर्षांत सगळी पीसीसी नवी असू शकते. विकारांच्या एकट्याच्या उत्साहावर, आठविरुद्ध सात अशा मतांनी झालेला ठराव त्यांच्या निवृत्तीपर्यंतही टिकत नाही. म्हणून आधी पूर्ण मंडळीशी मोकळी चर्चा करावी, मगच सभा बोलवावी.

खरी कसोटी पद रिकामं झाल्यावर लागते. पद रिकामं झाल्याची अधिकृत सूचना आल्यापासून चार आठवड्यांत पीसीसीनं भेटायचं, पॅरिशची स्थिती, गरजा आणि परंपरा सांगणारं निवेदन लिहायचं आणि दोन सामान्य सभासद प्रतिनिधी निवडायचे. उमेदवाराला या दोघांची संमती लागते. आश्रयदाता सहानुभूतीचा असेल, उदाहरणार्थ १८७३मध्ये स्थापन झालेली ‘सोसायटी फॉर द मेंटेनन्स ऑफ द फेथ’, तर बरंच सोपं जातं. धर्मप्रांतानं नेमणूक स्थगित केली किंवा चार-पाच पॅरिश एका विकाराखाली आणल्या, तर अडचण वाढते. प्रत्येक पीसीसी स्वतंत्रपणे ठराव करू शकते, पण विकार सगळ्यांना एकच. अशा वेळी शेजारच्या सोसायटी धर्मगुरूनं रविवारची मिस्सा सांभाळावी लागते. ही मदत कोण, किती रविवार, प्रवासखर्च कुणाचा, हे पद रिकामं होण्याआधीच लिहून ठेवलेलं बरं. वर्षभर मिस्साच नसलेली पॅरिश ठरावासकट विरघळून जाते.

सप्टेंबर २०२१मध्ये तेव्हाचे एब्सफ्लीटचे बिशप जोनाथन गुडॉल हेही कॅथलिक चर्चमध्ये जात असल्याचं जाहीर झालं. या वेळी पडझड २०११सारखी झाली नाही. ठराव पीसीसींचे होते, पॅरिश सोसायटीच्या होत्या आणि इतर बिशपांनी मधला काळ सांभाळला. त्यानंतर पदांची फेररचना झाली. एब्सफ्लीटचं पद पुराणमतवादी इव्हँजेलिकल पॅरिशांसाठी दिलं गेलं आणि पश्चिमेच्या अँग्लो-कॅथलिक पॅरिशांसाठी लिचफील्ड धर्मप्रांतात ऑस्वेस्ट्रीचं नवं पद निर्माण झालं. २०२३मध्ये पॉल थॉमस त्या पदावर आले.