उतावळी निवड आणि अनावर कृती: व्यसनाच्या अभ्यासातील दोन वेगळ्या गोष्टी

व्यसनी माणसाबद्दल बोलताना ‘त्याचा स्वतःवर ताबा नाही’ असे आपण सहज म्हणून जातो, आणि त्या एका वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळून टाकतो. पहिली गोष्ट निवडीची आहे: लहान पण लगेच मिळणारा लाभ आणि मोठा पण उशिरा मिळणारा लाभ यांपैकी माणूस लहान लाभ पत्करतो. दुसरी गोष्ट कृतीची आहे: थांबायचे हे ठाऊक असूनही हात पुढे गेलेला असतो. पहिलीला आपण उतावळी निवड म्हणू आणि दुसरीला अनावर कृती. इंग्रजीतील संशोधनात दोन्हींना ‘इम्पल्सिव्हिटी’ हे एकच छत्र लाभल्यामुळे गोंधळ वाढला आहे. त्याची किंमत उपचार घेणाऱ्या माणसाला मोजावी लागते, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

उतावळी निवड कशी मोजतात ते आधी पाहू. क्रिस किर्बी, नॅन्सी पेट्री आणि वॉरन बिकेल यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेरॉइनचे व्यसन असलेले ५६ जण आणि व्यसन नसलेले ६० जण होते. प्रत्येकापुढे २७ प्रश्न ठेवले गेले आणि त्यांतील एखादी निवड खरोखरच पदरात पडण्याची शक्यताही राखली होती. एक प्रश्न असा: आज ५४ डॉलर हवेत, की ३० दिवसांनी ८० डॉलर? उत्तरांवरून प्रत्येक व्यक्तीच्या मनात उशिरा मिळणाऱ्या रकमेचे मूल्य किती वेगाने घटते, याचा दर काढला जातो. जेम्स मेझूर यांनी १९८७ मध्ये कबुतरांवरील प्रयोगांतून मांडलेले सूत्र त्यासाठी वापरतात. विलंबाच्या दिवसांना घटीच्या दराने गुणायचे, त्यात एक मिळवायचा आणि येणाऱ्या संख्येने मूळ रकमेला भागायचे. व्यसन नसलेल्यांचा दर सरासरीने ०.०१३ निघाला, हेरॉइन घेणाऱ्यांचा ०.०२५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आता वरचा प्रश्न या दरांनी सोडवून पाहा. पहिल्या दराने महिन्याभरानंतरचे ८० डॉलर आज सुमारे ५८ डॉलरच्या मोलाचे ठरतात, म्हणून थांबणे परवडते. दुसऱ्या दराने तेच ८० डॉलर ४६ डॉलरपर्यंत उतरतात आणि आजचे ५४ घेणे हाच त्या माणसाच्या दृष्टीने सरळ हिशेब ठरतो.

या प्रश्नावलीत घाई कुठेच नसते. कोणी पाच मिनिटे विचार करून, शांतपणे, पूर्ण शुद्धीत आजच्या ५४ डॉलरवर खूण करू शकतो. तोल गेलेला नसतो. काळाच्या अंतरामुळे मोल बदललेले असते.

मेझूर यांच्या सूत्रातून येणारी वक्ररेषा आरंभी झपाट्याने उतरते आणि पुढे संथ होते, त्यामुळे आणखी एक परिणाम घडतो. दोन्ही लाभ दूर असताना मोठा लाभ मोठाच दिसतो, पण लहान लाभ अगदी जवळ आला की पारडे फिरते. हॉवर्ड रॅकलिन आणि लिओनार्ड ग्रीन यांनी १९७२ मध्ये कबुतरांत हे दाखवले. दाणे समोर असताना कबुतरे लगेच मिळणारे थोडे दाणे निवडत, पण निवड बरीच आधी करायला मिळाली, तर मोह उरणारच नाही असा मार्ग ती पत्करू लागत. जॉर्ज एन्स्ली यांनी याच पायावर माणसांच्या आत्मसंयमाचा विचार मांडला. सकाळी ‘आजपासून बंद’ म्हणणारा आणि संध्याकाळी गुत्त्याकडे वळणारा माणूस सकाळी खोटे बोलत होता असे घरच्यांना वाटते. ते समजण्यासारखे आहे, पण बहुधा तो सकाळीही खरेच बोलत असतो.

अनावर कृती मोजण्याची रीत याहून अगदी वेगळी आहे. माणसांसाठीच्या ‘स्टॉप सिग्नल’ चाचणीत पडद्यावर बाण दिसतो आणि त्याच्या दिशेचे बटण झटपट दाबायचे असते. अधूनमधून बाणापाठोपाठ आवाज होतो आणि तो झाला की दाबायचे नाही. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ मध्ये याची मांडणी शर्यतीच्या रूपात केली: ‘दाब’ ही प्रक्रिया आणि ‘थांब’ ही प्रक्रिया एकाच वेळी धावतात आणि जी आधी पोहोचते ती जिंकते. निरोगी प्रौढांत थांबण्याच्या प्रक्रियेला साधारण पाव सेकंद लागतो. येथे डॉलर नाहीत, महिने नाहीत, तोलायचे काहीच नाही. उंदरांसाठी पाच भोकांची पेटी असते. पाचपैकी एका भोकात क्षणभर दिवा लागतो आणि तेथे नाक खुपसले की खाऊ मिळतो, पण दिवा लागेपर्यंत सुमारे पाच सेकंद कळ काढावी लागते. त्याआधीच नाक खुपसणारा उंदीर खाऊ गमावतो, आणि अशा चुकांची मोजणी म्हणजेच अनावर कृतीचे माप.

दोन्ही मापे आतून एकाच गोष्टीची असती, तर मेंदूत केलेला एक बदल दोन्हींवर सारखाच उमटला असता. केंब्रिजमध्ये कॅथरिन विन्स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांच्या मेंदूतील सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन मोठ्या प्रमाणावर घटवले, तेव्हा दिव्याआधी नाक खुपसण्याच्या चुका वाढल्या, पण लगेचचा एक दाणा की उशिराचे चार, या निवडीत फरक पडला नाही. माणसांतही चित्र असेच आहे: हजाराहून अधिक तरुणांवरील २०१६ च्या एका अभ्यासात निवडीची आणि कृतीची मापे बऱ्याच अंशी स्वतंत्र निघाली.

व्यसनाशी या दोघींचे नाते कसे आहे? जेफ्री डॅली यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले, की पाच भोकांच्या पेटीत अनावर ठरलेले उंदीर संधी मिळताच इतरांहून अधिक कोकेन घेऊ लागतात, आणि कोकेनची गाठ पडण्यापूर्वीच त्यांच्या मेंदूच्या एका भागात डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे उपलब्ध असलेले विशिष्ट ग्राहक (म्हणजे ते रसायन ग्रहण करणारे पेशींवरील रेणू) कमी असतात. ॲमस्टरडॅममधील डीर्गार्डे आणि सहकाऱ्यांचा २००८ चा निकोटिनवरील अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो, कारण त्यात दोन्ही गुण शेजारी ठेवून तपासले आहेत. अनावर कृती करणारे उंदीर निकोटिन सुरू करण्यात आणि ते घेत राहण्यात पुढे होते. उतावळी निवड करणाऱ्यांना निकोटिन बंद झाल्यावरही त्याचा शोध थांबवणे जड गेले आणि जुने संकेत दिसताच ते पुन्हा त्याकडे वळले. ही वाटणी मात्र काटेकोर नाही. मिनेसोटातील २००५ च्या एका प्रयोगात उतावळी निवड करणारे उंदीर कोकेन घ्यायला लवकर शिकले होते.

माणसांच्या बाबतीत कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा प्रश्न उरतो. १९९९ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात सिगारेट सोडलेल्यांचा घटीचा दर कधीच न ओढणाऱ्यांसारखा आढळला. धूम्रपान थांबल्यावर दर खाली आला, की ज्यांचा दर मुळात कमी होता तेच सोडू शकले, हे अशा एकवेळच्या तुलनेतून ठरत नाही.

उपचारांत हा फरक खऱ्या अर्थाने कामाला येतो. व्हरमाँटमध्ये स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांसाठी व्हाउचरची पद्धत उभी केली. लघवीची तपासणी आठवड्यातून तीनदा व्हायची; पहिल्या स्वच्छ, म्हणजे कोकेन न आढळलेल्या, नमुन्याला अडीच डॉलरचे व्हाउचर, पुढच्या प्रत्येकाला सव्वा डॉलर जास्त, सलग तीन स्वच्छ आले की दहा डॉलर वर, आणि नमुना दूषित निघाला की पुन्हा अडीचपासून सुरुवात. १९९४ च्या चाचणीत २४ आठवड्यांचा उपचार पूर्ण करणारे व्हाउचरच्या गटात ७५ टक्के होते, व्हाउचर नसलेल्या गटात ४० टक्के. निवडीच्या दृष्टीने पाहिले, तर व्यसनमुक्तीचा दूरचा लाभ येथे दोन-तीन दिवसांच्या अंतरावर आणून ठेवला आहे.

म्हणून समुपदेशकाने मागच्या रिलॅप्सचा, म्हणजे सोडलेल्या व्यसनाकडे पुन्हा वळल्याचा, तपशील खोदून विचारावा असे मला वाटते. पैसे बाजूला ठेवून, वेळ ठरवून, ‘आज घ्यायचीच’ म्हणून तो माणूस दुकानात गेला असेल, तर लाभ जवळ आणणे आणि मोहाची वेळ येण्याआधीच त्याला बांधून घेणे, उदाहरणार्थ पगार पत्नीच्या खात्यात जमा होऊ देणे, उपयोगी पडण्याची शक्यता आहे. मित्राने पुढे केलेली सिगारेट ओठांत आल्यावरच ‘अरे, आपण सोडली होती’ हे ज्याला आठवले, त्याला भविष्यातल्या फायद्याची आकडेमोड त्या क्षणी वाचवू शकत नाही. त्याच्यासाठी ते टोळके, ती टपरी आणि जेवणानंतरची ती वेळ टाळण्याची आखणी आधी करावी लागते.