कोविड-19 : मराठवाड्यातील मासिक पाळी आणि विवाह

कोविड-19 च्या साथीत मराठवाड्यातील स्त्रियांच्या मासिक पाळीवर व मुलींच्या विवाहांवर झालेले परिणाम. विभागाच्या आठही जिल्ह्यांत पाळीच्या तक्रारी आणि घाईची लग्ने यांची चर्चा एकाच काळात झाली. त्यामुळे दोहोंचे खापर विषाणूवर फोडले जाते, ते तपासून घ्यायला हवे.

आजारानंतर पाळी लांबणे, अंगावरून कमी किंवा जास्त जाणे, पोटदुखी वाढणे अशा तक्रारी आढळतात. वुहानमधील 177 रुग्ण स्त्रियांच्या पाहणीत (2021) सुमारे पाव स्त्रियांच्या रक्तस्रावात आणि त्याहून थोड्या अधिक स्त्रियांच्या चक्रात बदल आढळला. बहुतेकींची पाळी एक-दोन महिन्यांत पूर्ववत झाली. कारणाविषयी दोन मते आहेत. विषाणू पेशीत शिरताना वापरतो ती एसीई-2 ग्राहके (पेशीच्या पृष्ठावरील प्रथिने) बीजकोश (अंडाशय) व गर्भाशयाच्या अस्तरातही असल्याने तो तेथे थेट इजा करतो, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार ताप, ताण आणि वजनातील घट यांमुळे मेंदूतील अधश्चेतक (हायपोथॅलॅमस), पोष ग्रंथी (पिट्युटरी) व बीजकोश यांची संप्रेरक-साखळी तात्पुरती विस्कळीत होते. उपर्युक्त पाहणीत बीजकोशाच्या संप्रेरकांत लक्षणीय फरक दिसला नाही. टाळेबंदीत लागण न झालेल्या स्त्रियांतही असे बदल नोंदले गेले. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पाळीच्या आधी व नंतर पाच दिवस लस घेऊ नये, ही एप्रिल 2021 मधील अफवा निराधार होती. अमेरिकेतील एका अभ्यासात (2022) लशीनंतर चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबल्याचे दिसले.

विवाहांबाबत कालनिश्चिती महत्त्वाची ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार 20 ते 24 वयोगटातील, अठरापूर्वी लग्न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के, तर परभणीत 48 आणि बीडमध्ये 43.7 टक्के होते. हे आकडे साथीचा पुरावा म्हणून दिले जातात, पण महाराष्ट्रातील पाहणी साथीपूर्वीच, सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात झाली होती. म्हणजे बालविवाह येथे आधीपासूनच रुजलेले होते. साथीने त्यांना निमित्त पुरवले. मार्च 2020 पासून शाळा बंद झाल्या, मजुरी बुडाली. एप्रिल 2021 च्या आदेशाने लग्नाला 25 माणसे व दोन तास एवढीच मुभा ठेवली. वऱ्हाडाचा खर्च वाचतो, हा हिशेब वधूपित्याला पटणारा होता. ऊसतोडीच्या पट्ट्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरतात. मुलीला मागे ठेवण्याची धास्ती आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) या दोन्ही गोष्टी तेथे लग्नाकडे ढकलतात. न्हाण आले की मुलगी लग्नाची झाली, ही समजूत तर जुनीच. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी तेव्हा ग्रामसेवकाची होती. पण मोजक्या माणसांत घरातच उरकलेल्या लग्नाची त्याला कुणकुण लागणे अवघड होते.

ऊसतोड स्त्रियांची गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा उगमही साथीत शोधू नये. बीडमधील 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या 2019 मधील सरकारी पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत खाडा झाला की मजुरी बुडते आणि वर दंडही बसतो, म्हणून पिशवीच काढून टाकली जाते. ही रीत विषाणू येण्यापूर्वीपासून चालत आलेली आहे.